दि. ब. देवधर

प्रा. दिनकर बळवंत देवधर (१४ जानेवारी १८९२, पुणे – २४ ऑगस्ट १९९३, पुणे) हे भारतीय क्रिकेट खेळाडू, महाराष्ट्र संघाचे कर्णधार, संस्कृतचे प्राध्यापक आणि लेखक होते. १९३९-४० आणि १९४०-४१ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत महाराष्ट्राने त्यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राने आजवर मिळवलेली रणजी विजेतेपदे हीच दोन आहेत. देवधर कसोटी सामना कधीही खेळले नाहीत. तरीही भारतीय क्रिकेटचे पितामह म्हणून त्यांचा आदराने उल्लेख केला जातो.

प्रारंभीची कारकीर्द

देवधरांचा जन्म आणि जडणघडण पुण्यात झाली. १९११ मध्ये त्यांनी मुंबईच्या स्पर्धेत हिंदू संघाकडून प्रथमश्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. त्या काळी देशातील प्रमुख स्पर्धेचे संघ प्रांतांवर नव्हे, तर धर्मावर आधारलेले होते. युरोपियन, पारशी आणि हिंदू यांच्या तिरंगी स्पर्धेत १९१२ पासून मुस्लिम संघ सहभागी झाला आणि ती चौरंगी झाली. पुढे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात देवधर संस्कृतचे अध्यापन करू लागले. व्यवसाय अध्यापनाचा आणि खेळ हौसेचा, अशीच त्यांची कारकीर्द अखेरपर्यंत राहिली.

चौरंगी स्पर्धेच्या काळात हिंदू संघाला जातिभेदाचा प्रश्न भेडसावत होता. १९२० च्या स्पर्धेत नियमित कर्णधार म. दा. पै आजारी असल्याने नेतृत्व देवधरांकडे सोपवण्यात आले. संघातील सर्वांत अनुभवी गोलंदाज पालवणकर बाळू यांना मात्र केवळ दलित असल्यामुळे डावलले गेल्याची भावना निर्माण झाली आणि त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. त्यानंतर तडजोड होऊन बाळू यांना उपकर्णधारपद मिळाले. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले.

१९२६ ची खेळी

१९२६-२७ च्या हंगामात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलबोन क्रिकेट क्लबचा संघ भारतात आला. डिसेंबर १९२६ मध्ये मुंबई जिमखान्यावर सी. के. नायडू यांनी हिंदू संघाकडून १५३ धावांची खेळी केली. त्याच महिन्यात याच मैदानावर झालेल्या अखिल भारतीय संघाच्या अनधिकृत कसोटीत देवधरांनी १४८ धावा केल्या. पाहुण्यांच्या ३६२ धावांना उत्तर देताना भारतीय संघाने ४३७ धावा उभारल्या आणि पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी घेतली. भारतीय खेळाडू इंग्लंडच्या प्रथमश्रेणी गोलंदाजांसमोर टिकाव धरू शकतात, हे या दोन खेळींनी दाखवून दिले. १९२८ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ मध्ये भारताने लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला.

त्या वेळी देवधरांनी चाळिशी गाठली होती आणि इंग्लंडला जाणाऱ्या संघात त्यांची निवड झाली नाही. भारताला कसोटी दर्जा मिळण्यास ज्या खेळींचा हातभार लागला, त्यांपैकी एक त्यांची होती. परंतु तो दर्जा मिळेपर्यंत त्यांचे वय निवडीच्या आड आले. मात्र त्यांची सर्वांत मोठी कामगिरी यानंतरची आहे.

महाराष्ट्र संघाचे नेतृत्व

१९३४-३५ मध्ये रणजी करंडक स्पर्धा सुरू झाली आणि महाराष्ट्र संघ पहिल्या हंगामापासून तिच्यात उतरला. महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्यास तेव्हा २५ वर्षांहून अधिक काळ होता. मुंबईचा आणि मध्य प्रांत व वऱ्हाडचा संघ वेगळा असल्याने पुणे हेच महाराष्ट्र संघाचे केंद्र झाले. संघात पुण्यातील महाविद्यालयांतून आलेल्या तरुणांबरोबर सांगली आणि कोल्हापूरसारख्या संस्थानी भागांतील खेळाडूही असत. पश्चिम विभागात मुंबई, नवानगर आणि बडोदा यांसारखे बलाढ्य संघ होते, त्यामुळे विभागातून पुढे जाणेच अवघड असे.

१९३९-४० च्या हंगामात सांगलीच्या विजय हजारे यांनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातील हे पहिले त्रिशतक होते. पुण्यातच झालेल्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने संयुक्त प्रांतांचा १० गडी राखून पराभव केला. तेव्हा कर्णधार देवधर ४८ वर्षांचे होते.

पुढच्या हंगामात पुण्यात मुंबईविरुद्धचा सामना दोन प्रचंड डावांचा झाला. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५० धावांचे उत्तर दिले. पहिल्या डावातील २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढे गेला. या सामन्यात देवधरांनी केलेल्या २४६ धावा ही त्यांच्या कारकिर्दीतील सर्वोच्च धावसंख्या ठरली. अंतिम सामन्यात मद्रासला त्यांच्याच मैदानावर ६ गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक स्वतःकडे राखला. रंगा सोहोनी आणि चंदू सरवटे हे पुढे कसोटी खेळलेले अष्टपैलू खेळाडू त्या काळात महाराष्ट्राकडून खेळत होते.

हा संघ फार काळ एकत्र राहिला नाही. खेळाडूंना नोकरी आणि उत्पन्न देण्याची जी क्षमता संस्थानांकडे होती, ती महाराष्ट्राकडे नव्हती. हजारे बडोदा संस्थानच्या सेवेत गेले आणि १९४१ पासून बडोद्याकडून खेळू लागले. सरवटे होळकर संघात गेले. देवधर मात्र महाराष्ट्राकडून खेळत राहिले. १९४४-४५ मध्ये वयाची पन्नाशी उलटल्यानंतर त्यांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत १०५ आणि १४१ अशी शतके झळकावली. पहिल्या महायुद्धापूर्वी आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही प्रथमश्रेणी क्रिकेट खेळलेल्या जगातील मोजक्या खेळाडूंमध्ये त्यांची गणना होते. ८१ प्रथमश्रेणी सामन्यांत त्यांनी ९ शतकांसह ४,५२२ धावा केल्या.

देवधरांनंतरचा संघ

डिसेंबर १९४८ मध्ये कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकर यांनी पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा विक्रम अवघ्या काही धावांवर असताना काठियावाडने सामना सोडून दिला. त्याच हंगामात पुण्यात झालेल्या महाराष्ट्र–मुंबई सामन्यात चार डावांत मिळून २,३७६ धावा निघाल्या. प्रथमश्रेणी सामन्यातील हा विश्वविक्रम आहे. तो सामना मुंबईने ३५४ धावांनी जिंकला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यानंतरही मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ हे तीन संघ स्वतंत्र राहिले. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्हा महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या क्षेत्रात येतो. या जिल्ह्यात जन्मलेले दोन नामवंत कसोटीपटू मात्र इतर संघांकडून पुढे आले. श्रीरामपूरचे जहीर खान आधी बडोद्याकडून आणि नंतर मुंबईकडून खेळले, तर संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे जन्मलेले अजिंक्य रहाणे यांची कारकीर्द मुंबई संघातून घडली. हजारे यांच्या काळापासून दिसणारी खेळाडूंच्या स्थलांतराची ही परंपरा पुढेही चालू राहिली. महाराष्ट्राने १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये रणजी करंडकाची अंतिम फेरी गाठली. पण अनुक्रमे मुंबई, पंजाब आणि कर्नाटककडून त्याला हार पत्करावी लागली.

इतर कार्य आणि सन्मान

खेळातून निवृत्त झाल्यावर देवधरांनी राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य, भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे उपाध्यक्ष आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष म्हणून काम केले. ‘आय लुक बॅक’ हे आत्मकथन आणि ‘मार्च ऑफ इंडियन क्रिकेट’ हे त्यांचे इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध आहेत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.

भारत सरकारने त्यांना १९६५ मध्ये पद्मश्री आणि १९९१ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवले. १९७३-७४ पासून विभागीय संघांमध्ये सुरू झालेल्या एकदिवसीय स्पर्धेला देवधर करंडक हे नाव देण्यात आले. १९९२ मध्ये त्यांनी वयाची शंभर वर्षे पूर्ण केली. २४ ऑगस्ट १९९३ रोजी वयाच्या १०१ व्या वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. १९९६ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.