पद मोठे, खजिना रिकामा

पद, पैसा आणि सत्ता एकाच हाती क्वचितच नांदतात. प्राचीन रोममध्ये ऑगस्टसने सिनेटच्या सभासदासाठी दहा लाख सेस्टर्सच्या मालमत्तेची अट घातली आणि संपत्ती ही प्रतिष्ठेची अधिकृत पायरी झाली. अठराव्या शतकातील दिल्लीत मात्र या तिन्हींची फारकत झाली होती. ती सांधण्यात महादजी शिंदे यांचे आयुष्य खर्ची पडले.

राणोजी शिंद्यांचे हे पुत्र औरस नव्हते. त्यामुळे वारसाहक्कासाठी त्यांना झगडावे लागले. १७६१ मध्ये पानिपतावर पाय कायमचा जायबंदी झाला. राणेखान या भिश्त्याने त्यांचे प्राण वाचवले. पुढे महादजींनी त्यालाच सेनानी केले. त्यांच्या लेखी कुळापेक्षा कर्तृत्व मोठे होते.

१७७१ मध्ये मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि पुढल्या जानेवारीत शहाआलम राजधानीत परतला. १७८४ मध्ये बादशहाने वकील-ए-मुतलक हे सर्वोच्च पद पेशव्यांना दिले. नायब म्हणून कारभार महादजींकडे आला. सत्ता आपली, पदवी धन्याच्या नावे आणि स्वतः केवळ पाटील, या भूमिकेत नम्रतेइतकाच हिशेब होता. पेशव्यांच्या नावाविना इतर सरदारांपुढे त्या सत्तेला वजन नव्हते.

नेमणुकीचा हुकूम आणि त्यामागची आर्थिक तरतूद यांतले अंतर द्वारकेत राहणाऱ्या मराठी अधिकाऱ्याला सांगावे लागत नाही. महादजींना ते रणांगणावर कळले. १७८७ मध्ये लालसोटला पगार थकलेल्या पलटणी शत्रूला मिळाल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली. पुढल्याच वर्षी गुलाम कादिरने दिल्लीत शिरून बादशहाचे डोळे काढले. किताब देणारा स्वतःला वाचवू शकला नाही.

राणेखानाच्या फौजेने १७८८ मध्येच दिल्ली परत घेतली. त्यानंतर महादजींनी द बॉईनच्या कवायती पलटणींच्या पगारासाठी दुआबातील महसूल तोडून दिला. १७९० मध्ये पाटण व मेडता येथे त्याचे फळ मिळाले.

१७९२ मध्ये ते पुण्यास गेले. नाना फडणीसांशी खर्चाचा वाद चालूच राहिला. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीत त्यांचा अंत झाला. नऊ वर्षांनी, सप्टेंबर १८०३ मध्ये, दिल्ली इंग्रजांनी घेतली. तोच आंधळा बादशहा त्यांच्या आश्रयाला गेला; किताब मात्र शिंद्यांच्या दप्तरातच राहिले.