वालचंद हिराचंद

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, १८८२ – ८ एप्रिल, १९५३) हे भारतीय उद्योजक होते. बांधकाम, जहाज वाहतूक, विमाननिर्मिती व मोटारनिर्मिती या क्षेत्रांत त्यांनी उद्योग उभारले. त्यांच्या उद्योगजीवनाचा प्रारंभ सरकारी व रेल्वेच्या कंत्राटांतून झाला आणि त्यांचे अनेक मोठे संघर्षही सरकार या ग्राहकाशीच झाले.

== प्रारंभीचे जीवन ==
वालचंद यांचा जन्म सोलापूर येथे गुजरातीभाषक दिगंबर जैन कुटुंबात झाला. घरी सावकारी व कापसाचा व्यापार होता. मुंबई व पुणे येथे त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण झाले. पण वडिलोपार्जित व्यवसायात त्यांचे मन रमले नाही.

== कंत्राटदारी ==
रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी भागीदारी करून वालचंद रेल्वेचे कंत्राटदार झाले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. फाटकांना रेल्वे कचेरीतील व्यवहाराची माहिती होती, तर वालचंदांकडे भांडवल व धाडस होते. निविदा भरताना मजुरी, खडी व वाहतूक यांचा अंदाज चुकला तर तोटा कंत्राटदाराच्या माथी बसतो. असा धोका पत्करून या भागीदारीने आपला व्याप वाढवला.

१९२० मध्ये हा व्यवसाय टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत विलीन झाला. पुढे तिचेच नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, तानसा तलावातून मुंबईस पाणी आणणारी जलवाहिनी, सिंधू नदीवरील कालाबाग येथील पूल आणि ब्रह्मदेशातील इरावतीवरील पूल ही वालचंद यांच्या बांधकाम व्यवसायाची प्रमुख कामे होत. १९२६ साली त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

त्या काळी सरकारला लागणारा बराचसा माल लंडनमार्फत खरेदी होत असे. १९२२ मध्ये इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाल्यावर देशात खरेदी करण्यास चालना मिळाली. तरीही अवजड यंत्रे, जहाजे व विमाने यांबाबत परदेशी कंपन्यांचेच वर्चस्व राहिले.

== जहाज, विमान व मोटार ==
१९१९ मध्ये स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे ते एक संस्थापक होते. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल, १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश कंपन्यांना सरकारी टपाल वाहतुकीचा आधार होता. सिंदियाला तसा आधार नव्हता. शिवाय दरयुद्धालाही तोंड द्यावे लागले. अखेर १९२३ मध्ये तिला ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा जाचक करार करावा लागला.

डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी काढली. या कारखान्याचा खरा ग्राहक एकच होता, तो म्हणजे युद्धात गुंतलेले भारत सरकार. १९४१ मध्ये सरकारने एक तृतीयांश भाग घेतला. १९४२ मध्ये जपानी आक्रमणाचे सावट असताना सरकारने वालचंद यांचे भागही मोबदला देऊन विकत घेतले. ग्राहकच मालक झाला. मोटार कारखान्याच्या योजनेला मात्र युद्धोपयोगी नसल्याच्या सबबीवर साहाय्य नाकारण्यात आले; प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली.

विशाखापट्टणम येथील सिंदियाच्या गोदीची पायाभरणी २१ जून, १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाली. तेथे बांधलेल्या ‘जलउषा’ या जहाजाचे जलावतरण १९४८ मध्ये जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. १९५२ साली या गोदीतील बहुसंख्य भाग भारत सरकारकडे गेले.

== निधन ==
१९४९ मधील पक्षाघातानंतर वालचंद व्यवसायातून निवृत्त झाले. गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.