डेरेक जार्मन : पंकयुगाचा चित्रपटकार

१९७७ साली इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. गल्लोगल्ली पताका लागल्या, रस्त्यांवर टेबले मांडून सार्वजनिक भोजने झाली, राजनिष्ठेला भरते आले. पण याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला होता आणि देशातील बेकारांची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली होती. शाळा सोडून बाहेर पडलेल्या तरुणांना पुढे काही दिसत नव्हते. अशा वेळी लंडनच्या रस्त्यांवर एक विचित्र पिढी हिंडू लागली. फाटके कपडे सेफ्टी पिनांनी जोडलेले, केस रंगवून ताठ उभे केलेले, हाती गिटार, आणि ती वाजवण्याचे जेमतेम ज्ञान. या तरुणांना लोक ‘पंक’ म्हणू लागले. उनाड, टाकाऊ, कुचकामी असा त्या शब्दाचा अर्थ. तरुणांनी ती शिवी बिरुदासारखी मिरवली.

या चळवळीचा आत्मा पडद्यावर पकडण्याचे प्रयत्न पुष्कळांनी केले. डॉन लेट्स या तरुणाने लंडनच्या रॉक्सी क्लबात छोट्या कॅमेऱ्याने गाणाऱ्यांची छायाचित्रणे केली. पुढे ज्युलियन टेंपल, पेनेलोपी स्फीरिस, ॲलेक्स कॉक्स असे दिग्दर्शक या विषयाकडे वळले. पण १९७८ सालीच त्यावर पूर्ण लांबीचा कथापट काढला तो डेरेक जार्मन याने. गंमत अशी की, हा माणूस स्वतः पंक नव्हता. तो त्या वेळी छत्तीस वर्षांचा, सुशिक्षित, अभिजात चित्रकलेवर पोसलेला गृहस्थ होता. आणि ज्यांच्यावर त्याने चित्रपट काढला, त्यांनाच तो चित्रपट आवडला नाही. असे असूनही पंक या शब्दामागे जो खरा अर्थ आहे, तो जार्मनच्या आयुष्यात जितका दिसतो तितका क्वचितच कोणाच्या आयुष्यात दिसेल. म्हणून त्याचे चरित्र पाहण्यासारखे आहे.

डेरेकचा जन्म ३१ जानेवारी १९४२ रोजी लंडनजवळच्या नॉर्थवुड या गावी झाला. वडील मूळचे न्यूझीलंडचे. ते ब्रिटिश विमानदलात वैमानिक होते आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी बॉम्बफेकी विमाने चालवली होती. घरात लष्करी शिस्त. वडिलांचा स्वभाव कडक, आणि मुलाचा ओढा रंगांकडे व फुलांकडे. युद्ध संपल्यावर वडिलांची नेमणूक इटलीत झाली, तेव्हा हे कुटुंब काही काळ मॅजोरे सरोवराकाठी एका बंगल्यात राहिले. चार वर्षांच्या डेरेकला तेथे फुलझाडांवरचे एक सचित्र पुस्तक भेट मिळाले. बागेचे वेड त्याला लागले ते तेव्हापासून, आणि ते शेवटपर्यंत सुटले नाही.

पुढे इंग्लंडातील वसतिगृहांच्या शाळांत त्याचे शिक्षण झाले. त्या शाळांतील शिस्त आणि खेळांची सक्ती त्याला कधी मानवली नाही. कॅनफर्ड येथील शाळेत चित्रकलेचा वर्ग हाच त्याचा आसरा होता. चित्रकार व्हायचे त्याने ठरवले, पण वडिलांनी अट घातली. आधी विद्यापीठाची पदवी घ्यावी, मग चित्रकलेच्या शिक्षणाचा खर्च आपण करू. आपल्याकडच्या घरांतूनही ही अट अनेकांनी ऐकली असेल. डेरेकने ती पाळली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात त्याने इंग्रजी साहित्य, इतिहास आणि कलेचा इतिहास यांचा अभ्यास केला आणि १९६३ साली स्लेड या नामांकित कलाशाळेत प्रवेश मिळवला. पदवीची ती वर्षे वाया गेली नाहीत. शेक्सपिअर, मार्लो, एलिझाबेथकालीन इंग्लंड यांची तेव्हा जडलेली ओढ त्याच्या चित्रपटांतून वारंवार दिसते.

स्लेडमध्ये त्याने नेपथ्याचाही अभ्यास केला. १९६८ साली, सव्विसाव्या वर्षी, त्याला रॉयल ऑपेरा हाउसमध्ये एका बॅलेचे नेपथ्य करण्याची संधी मिळाली. पुढे केन रसेल या दिग्दर्शकाच्या ‘द डेव्हिल्स’ (१९७१) या चित्रपटासाठी त्याने सतराव्या शतकातील एक अख्खे पांढरेशुभ्र शहर स्टुडिओत उभे केले. मोठ्या स्टुडिओंचा दरवाजा त्याला उघडला होता. त्या वाटेने तो गेला असता, तर एक यशस्वी कलादिग्दर्शक म्हणून सुखाने जगला असता.

तो मात्र टेम्सच्या काठावरील मोडकळीला आलेल्या गुदामांत जाऊन राहिला. तेथे भाडे कमी आणि जागा ऐसपैस. याच सुमारास त्याच्या हाती सुपर-८ हा छोटा कॅमेरा आला. सहलीची किंवा मुलांच्या वाढदिवसांची चित्रणे करण्यासाठी मध्यमवर्गीय कुटुंबे तो घेत असत. त्याच्या एका डबीत पन्नास फूट फिल्म मावे, आणि नेहमीच्या गतीने ती सव्वातीन मिनिटांत संपे. जार्मनने तो सेकंदाला तीन ते सहा चौकटी इतक्या मंद गतीने चालवला. फिल्म तिप्पट ते सहापट वेळ पुरू लागली, म्हणजे खर्च वाचला. तशाच मंद गतीने ती दाखवली की, पडद्यावरची माणसे संथ, थरथरत, चित्रातल्यासारखी हलू लागत. अशा रीतीने काटकसरीतून एक शैली जन्माला आली. पंक तरुण तीन स्वर शिकून वाद्यवृंद काढत होते, झेरॉक्स केलेली मासिके स्वतः वाटत होते. साधन तोकडे म्हणून काम थांबवायचे नाही, हा त्यांचा बाणा जार्मनने त्यांच्या आधीच अंगीकारला होता.

१९७६ साली त्याचा पहिला कथापट ‘सेबॅस्टियन’ आला. पॉल हम्फ्रेस याच्या सहकार्याने केलेल्या या चित्रपटातील सारे संवाद लॅटिन भाषेत होते आणि खाली इंग्रजी अक्षरे उमटत होती. समलिंगी प्रेमाचे त्यात उघड दर्शन होते. इंग्लंडात असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा मानले जात. जार्मन स्वतः समलिंगी होता. ते लपवून जगणे त्याने नाकारले आणि ते आपल्या कलेतही आणले. त्याच वर्षी फेब्रुवारीत टेम्सकाठच्या एका गुदामातील मेजवानीत सेक्स पिस्टल्स हा नवखा वाद्यवृंद वाजवायला आला, तेव्हा जार्मनचा छोटा कॅमेरा तेथे फिरत होता.

जॉर्डन या नावाने ओळखली जाणारी एक तरुणी त्याच्या ओळखीची होती. किंग्ज रोडवरील ज्या दुकानातून पंक पोशाखाची लाट पसरली, तेथे ती कामाला होती. तिच्यावर एक छोटेसे चित्रण करावे, एवढाच मूळ बेत. तो वाढत गेला आणि ‘ज्युबिली’ तयार झाला. कथानक असे : सोळाव्या शतकातील पहिली एलिझाबेथ राणी आपल्या दरबारातील पंडित जॉन डी याच्याकडे भविष्य पाहू इच्छिते. तो एरियल नावाच्या यक्षाला पाचारण करतो आणि राणीला चारशे वर्षांनंतरचे लंडन दिसते. शहर उद्ध्वस्त आहे, पोलीस क्रूर आहेत, त्या काळच्या राणीचा भर रस्त्यात खून झालेला आहे आणि मुलींची एक टोळी मोकाट फिरत आहे. राजवाड्याचा ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ झाला आहे, आणि बोर्जिया गिन्झ नावाचा एक उद्योगपती सारी करमणूक विकत घेऊन बसला आहे. शेवटी त्या बंडखोर मुलीही त्याच्याशी करार करून त्याच्या बंगल्यावर सुखाने राहायला जातात.

हा शेवट पंक मंडळींना झोंबला. त्या पोशाखाची जनक व्हिव्हियन वेस्टवुड हिने तर जार्मनवर टीका करणारे अनावृत पत्रच सुती बनियनवर छापून विकायला ठेवले. चित्रपट आपला नाही, कोणा उच्चभ्रू कलावंताने बाहेरून केलेली ही थट्टा आहे, असा तिचा सूर होता. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. चित्रपट विस्कळीत आहे, त्यातील हिंसा काही ठिकाणी अंगावर येते, आणि कॅमेऱ्यामागचा माणूस टोळीतला नाही हे जाणवते. पण बाहेरच्या माणसाला जे दिसते, ते कित्येकदा आतल्याला दिसत नाही. बंडाचीही बाजारपेठ होते, हे जार्मनने १९७८ सालीच दाखवले. त्या चित्रपटात काम केलेले ॲडम ॲन्ट आणि टॉयाह विलकॉक्स तीन-चार वर्षांत लोकप्रिय गायक झाले. वेस्टवुड जगप्रसिद्ध वेशकार झाली आणि १९९२ साली तिने बकिंगहॅम राजवाड्यात जाऊन राणीच्या हस्ते सन्मान स्वीकारला. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण चित्रपटातील भाकीत खोटे ठरले नाही, एवढे खरे.

या चित्रपटातील आणखी एक नट आपल्या परिचयाचा आहे. रिचर्ड ॲटनबरोच्या ‘गांधी’ (१९८२) मध्ये दीनबंधू अँड्र्यूज यांची भूमिका करणारा इयन चार्ल्सन हा ‘ज्युबिली’त एका तरुणाच्या भूमिकेत आहे. एड्सच्या विकाराने १९९० साली, चाळिशीतच, त्याचे निधन झाले. तो रोग जार्मनच्याही वाट्याला येणार होता.

‘ज्युबिली’नंतर जार्मनने शेक्सपिअरच्या ‘द टेंपेस्ट’वर चित्रपट केला (१९७९). पुढे इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जो याच्या जीवनावरील चित्रपटासाठी पैसे जमवण्यात सात वर्षे गेली. हाती आले ते सुमारे पावणेपाच लाख पौंड. इटलीला जाणे परवडेना, म्हणून लंडनच्या गोदीतील एका गुदामात सतरावे शतक उभे केले, आणि त्यात खुशाल टंकलेखन यंत्र व मोटारसायकलही ठेवली. टिल्डा स्विंटन ही गुणी अभिनेत्री प्रथम पडद्यावर आली ती याच ‘कॅराव्हाज्जो’त. १९८६ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाच्या दृश्यरचनेला रौप्य अस्वल मिळाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, २२ डिसेंबर रोजी, आपल्या रक्तात एड्सचे विषाणू असल्याचे जार्मनला कळले. त्या काळी यावर परिणामकारक औषध नव्हते. वृत्तपत्रे रोग्यांविषयी घृणा पसरवत होती. घरमालक, मालक, नातेवाईक यांच्या भीतीने लोक हा आजार लपवत. जार्मनने तो जाहीर केला. ब्रिटनमध्ये इतक्या प्रसिद्ध व्यक्तीने असे करणे तेव्हा फार दुर्मीळ होते. १९८८ साली समलिंगी संबंधांचा ‘प्रसार’ करण्यास स्थानिक संस्थांना मनाई करणारे कलम संसदेने संमत केले, तेव्हा तो विरोधकांच्या मोर्चांत होता. ‘द लास्ट ऑफ इंग्लंड’ (१९८७) या चित्रपटात त्याने ओसाड पडलेल्या गोद्या, जळणारा देश आणि मध्येच आजोबा-वडिलांनी टिपलेली घरगुती चित्रणे एकत्र गुंफली. हाही चित्रपट सुपर-८ वरच केलेला.

वडिलांच्या मागे आलेल्या पैशांतून त्याने १९८७ साली केंट परगण्यात डंजनेस येथे समुद्रकाठी कोळ्याची एक लाकडी झोपडी घेतली. डांबराने काळ्या केलेल्या भिंती आणि पिवळ्या खिडक्या. भोवती मातीऐवजी गोटे, वर खारा वारा, आणि पलीकडे अणुवीजकेंद्र. येथे काही उगवेल असे कोणी म्हटले नसते. जार्मनने किनाऱ्यावरचे गारगोटीचे दगड, वाहून आलेली लाकडे आणि गंजलेले लोखंड गोळा करून बाग मांडली, आणि त्या जागी तगणारी झाडे लावली. बागेला कुंपण घातले नाही. आजारपणाची सात वर्षे तो या बागेत राबला. याच वर्षांत त्याने ‘वॉर रिक्वायम’, ‘द गार्डन’, ‘एडवर्ड दुसरा’ आणि तत्त्वज्ञ विट्गेन्श्टाइनवरील चित्रपट पूर्ण केले. या शेवटच्या चित्रपटात देखाव्यांसाठी पैसे नव्हते, म्हणून मागे नुसता काळा पडदा लावला.

मग दृष्टी गेली. रोगाने डोळ्यांच्या पडद्यावर घाला घातला. ज्याचे सारे आयुष्य डोळ्यांवर चालले, त्याने काय करावे? त्याने १९९३ साली ‘ब्लू’ हा चित्रपट केला. सुमारे ऐंशी मिनिटे पडद्यावर केवळ निळा रंग, दुसरे काहीही नाही. फ्रेंच चित्रकार ईव्ह क्लाइन याच्या चित्रांतला तो निळा रंग जार्मनच्या मनात वीस वर्षे घोळत होता. त्या रंगावर इस्पितळातील दिवस, गेलेले मित्र, औषधांचे दुष्परिणाम यांविषयीचे निवेदन व संगीत ऐकू येते. १९ सप्टेंबर १९९३ रोजी हा चित्रपट दूरचित्रवाणीवर चॅनल ४ वर आणि त्याच वेळी बीबीसीच्या तिसऱ्या नभोवाणी केंद्रावर लागला. १९ फेब्रुवारी १९९४ रोजी, बावन्नाव्या वर्षी, जार्मनचे निधन झाले. डंजनेसजवळच्या ओल्ड रॉमनी येथील चर्चच्या आवारात त्याचे दफन झाले.

ती झोपडी व बाग त्याचा सहचर कीथ कॉलिन्स याने सांभाळली. २०१८ साली तोही गेल्यावर ती विकली जाण्याची वेळ आली, तेव्हा २०२० मध्ये सार्वजनिक वर्गणीतून पस्तीस लाख पौंड जमवून ती राखण्यात आली. स्टुडिओंकडून ज्याला सात वर्षे पैसे मिळाले नाहीत, त्याच्या झोपडीसाठी लोकांनी दहा आठवड्यांत एवढी रक्कम उभी केली.

जार्मनचे सारेच चित्रपट सर्वांना आवडतील असे नाही. काही दुर्बोध आहेत, काही कंटाळवाणेही वाटतात. पण पंकचा आत्मा कशात आहे हे पाहायचे झाले, तर तो केसांच्या रंगात किंवा सेफ्टी पिनांत शोधून सापडणार नाही. तो पोशाख तर दुकानात विकत मिळू लागला आणि जुनाही झाला. पैसा नसला तर गुदामात काम करणे, देखावे परवडले नाहीत तर काळ्या पडद्यापुढे करणे, डोळे गेले तर एका रंगावर करणे, आणि जे खरे आहे ते आपल्याच माणसांना बोचले तरी सांगणे, यात तो आहे. पैसे, साधने आणि परवानगी यांची वाट पाहत आपल्या महाविद्यालयांतून कितीतरी नाटके, नियतकालिके आणि चित्रे मनातच राहतात. त्या मनातल्या कामांना हात घालण्यापूर्वी डंजनेसच्या गोट्यांत उगवलेली ही बाग आठवावी.