वॉशिंग्टन यांच्या दातांचा रंग

अमेरिकेची एक डॉलरची नोट कधी हाती आली, तर तिच्यावरचा चेहरा जरा निरखून पाहा. ओठ घट्ट मिटलेले, तोंडाभोवतीचा भाग किंचित फुगलेला, हसू नावालाही नाही. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने १७९६ मध्ये रंगवलेल्या चित्रावरून तो घेतला आहे. हे अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. त्याच वर्षी त्यांचा शेवटचा दात काढावा लागला.

वॉशिंग्टन यांचा जन्म १७३२ मध्ये व्हर्जिनियात झाला. चोविसाव्या वर्षी त्यांचा पहिला दात उपटला गेला आणि मग ही रांग थांबली नाही. दातदुखी, सुजलेल्या हिरड्या, दात काढण्याचा खर्च यांच्या नोंदी त्यांच्या कागदपत्रांत वारंवार येतात. हा माणूस निष्काळजी मात्र नव्हता. ब्रश, दंतमंजन, दात खरवडण्याची हत्यारे तो नेमाने मागवत असे. पण किडलेला दात वाचवण्याचे फारसे उपाय तेव्हा वैद्यकाकडे नव्हते. दुखला की उपटायचा, हाच मुख्य इलाज.

दात गेला की दोन अडचणी उभ्या राहतात. एक चावण्याची, दुसरी दिसण्याची. सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाला दुसरीही तितकीच छळत होती. १७८२ च्या अखेरीस ते सैन्याच्या छावणीत होते. तेथून त्यांनी घरी, माउंट व्हर्नन येथे, पत्र पाठवले आणि टेबलाच्या खणात ठेवलेले पुढचे दोन लहान दात मागवून घेतले. पडलेला दात कोणी जपून ठेवतो का, असे आपल्याला वाटेल. पण दंतवैद्याच्या नजरेने पाहिले तर त्यात शहाणपण होते. जुळणारा रंग शोधायचा, तर स्वतःच्या दाताइतका जवळचा नमुना दुसरा कोणता?

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. दाताचा रंग भिंतीला दिलेल्या रंगासारखा वरवरचा नसतो. वरचे इनॅमल अर्धपारदर्शक असते. प्रकाश त्यातून आत शिरतो, खालच्या पिवळसर डेंटिनवर पडतो आणि परत बाहेर येतो. म्हणून दात हिरडीजवळ जास्त पिवळा, तर टोकाशी काहीसा निळसर-पारदर्शक दिसतो. हा खेळ दुसऱ्या पदार्थाला साधणे कठीण.

३० एप्रिल १७८९ रोजी वॉशिंग्टन यांनी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा तोंडात त्यांचा स्वतःचा एकच दात शिल्लक होता. न्यूयॉर्कचे दंतवैद्य जॉन ग्रीनवुड यांनी पाणघोड्याच्या हस्तिदंतासारख्या सुळ्यातून कवळी कोरली आणि त्या एका दातासाठी तिला भोक ठेवले. त्यांच्या निरनिराळ्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचा सुळा, जनावरांचे दात, शिसे, सोन्याची तार, पितळी स्क्रू अशा नाना वस्तू होत्या. वरची आणि खालची कवळी स्प्रिंगने जोडलेली असे. त्या स्प्रिंगा जबडा उघडू पाहत, म्हणून तोंड बंद ठेवायला सतत जोर लावावा लागे.

काही कवळ्यांत माणसाचे दातही होते. १७८४ च्या मे महिन्यात वॉशिंग्टन यांच्या हिशेबवहीत दंतवैद्याच्या नावाने एक खर्च पडला आहे. गुलाम कृष्णवर्णीयांकडून घेतलेल्या नऊ दातांचे सहा पौंड दोन शिलिंग. माणसाच्या दाताची झाक माणसाच्याच दाताला असते. ती मिळवण्यासाठी ज्यांना नकार देण्याचा अधिकारच नव्हता, त्यांच्या तोंडातले दात पैसे मोजून घेतले जात. वैद्यकाच्या इतिहासातले हे पान वगळून पुढे जाता येत नाही.

कोरलेल्या सुळ्यावर इनॅमल उरत नाही. तो सच्छिद्र असतो आणि डाग शोषून घेतो. १७९८ च्या डिसेंबरात दुरुस्तीला आलेली कवळी पाहून ग्रीनवुड यांनी वॉशिंग्टन यांना लांबलचक पत्र धाडले. कवळी अगदी काळी पडली होती. पोर्ट वाईन पिण्याने किंवा कवळी तीत भिजवण्याने असे झाले, ही आंबट दारू सुळ्यावरची चकाकी घालवते, असे निदान त्यांनी केले. जेवणानंतर कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवा, तोवर दुसरी वापरा, नाहीतर ब्रश आणि बारीक खडूने साफ करा, असा सल्ला दिला. शिवाय दात जास्त पिवळे हवे असतील तर मांसाच्या रश्शात भिजवा, चहात किंवा आंबट पदार्थात नको, हेही सांगितले. दात पांढरेशुभ्र असले म्हणजे खरे वाटतात असे नाही, हे त्या कारागिराला ठाऊक होते. पुढे वर्षभरातच, १४ डिसेंबर १७९९ रोजी, घशाच्या आजाराने वॉशिंग्टन वारले. त्यांची कवळी लाकडाची होती ही दंतकथा मात्र अजून जिवंत आहे. डागाळलेल्या सुळ्यावरच्या बारीक भेगा लाकडाच्या रेषांसारख्या दिसल्याने ती पसरली असावी.

आज सिरॅमिक आणि कॉम्पोझिट आले, तरी दंतवैद्यापुढचे कोडे तेच आहे. रंगाचे तीन भाग असतात: उजळपणा, छटा आणि गडदपणा. त्यात उजळपणा चुकला तर तो सर्वांत आधी खुपतो. म्हणून नमुन्याच्या पट्टीशी दात जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, लिपस्टिक पुसून, भडक कपड्यावर साधे कापड टाकून. तेही उपचाराच्या सुरुवातीलाच, कारण बराच वेळ तोंड उघडे राहिले की दात सुकतो आणि आहे त्याहून पांढरा दिसू लागतो.

दात उजळून घेण्याचा विचार असेल, तर तो कॅप किंवा पुढच्या दाताचे सिमेंट बसवण्यापूर्वी सांगा. ब्लीचिंगने नैसर्गिक दाताचा रंग बदलतो, कॅपचा बदलत नाही. ब्लीचिंगनंतर साधारण दोन आठवडे थांबून रंग स्थिरावला की मग जुळवणी करावी. अगदी पांढरी छटा मागण्याआधी शेजारच्या दातांकडे आरशात एकदा पाहा. आणि मिश्री, तंबाखू, गुटखा सुरूच राहणार असेल, तर कितीही छान जुळवलेला रंग टिकणार नाही.

कवळी वापरणाऱ्यांना ग्रीनवुड यांचा सल्ला आजही जवळजवळ तसाच लागू आहे: रात्री काढा, स्वच्छ पाण्यात ठेवा, रोज ब्रशने धुवा. फक्त खडू किंवा खरखरीत मंजन वापरू नका. त्याने आजच्या ॲक्रिलिकवर चरे पडतात आणि त्या चऱ्यांत डाग बसतात. मऊ ब्रश आणि साधा साबण पुरे.