परस्परांचे जामीन : फ्रीड्रिख रायफायझेन

सहकाराच्या पाठ्यपुस्तकात रायफायझेन आणि शुल्झ-डेलिट्श ही दोन जर्मन नावे जोडीने भेटतात. दोघांच्या पतपेढ्यांतील फरक पाठ करावयाचा, उत्तरपत्रिकेत पाच मुद्दे लिहावयाचे आणि निकाल लागला की विसरून जावयाचे, एवढाच आपल्यापैकी बहुतेकांचा या नावांशी संबंध. परंतु त्यातील एका नावामागे एका माणसाची सतरा वर्षांची धडपड आहे. माणूस स्वार्थी आहे, हे मान्य केले तर तो शेजाऱ्याच्या मदतीला का धावेल? आणि धावलाच तर किती दिवस? या प्रश्नाचे उत्तर रायफायझेन यांनी ग्रंथांत शोधले नाही. ते त्यांना आपल्याच फसलेल्या संस्थांतून सापडले.

फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. हे गाव वेस्टरवाल्ड या डोंगराळ भागाच्या कडेला वसलेले आहे. जमीन हलकी, थंडी कडाक्याची, शेते तुकड्यातुकड्यांची. वडील काही काळ गावाचे कारभारी होते, पण घराची घडी विसकटली आणि नऊ मुलांचा भार आईवर पडला. फ्रीड्रिख त्यांतले सातवे. मोठ्या शाळेत जाण्याची ऐपत नव्हती. गावच्या धर्मोपदेशकांनी शिकविले तेवढेच शिक्षण. सतराव्या वर्षी ते प्रशियाच्या तोफखान्यात दाखल झाले. तेथे बढती मिळत असतानाच डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली लष्कर सोडावे लागले. या विकाराने पुढे जन्मभर त्यांची पाठ सोडली नाही.

मुलकी खात्यात शिरल्यावर १८४५ साली त्यांची नेमणूक वायरबुश येथे बर्गरमाइस्टर म्हणून झाली. बर्गरमाइस्टर म्हणजे आसपासच्या खेड्यांचा सरकारी कारभारी. वय अवघे सत्तावीस. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. आणि संसार मांडून होतो न होतो तोच दुष्काळ दारात उभा राहिला.

१८४६ साली पीक बुडाले. बटाट्यावरील रोगाने गरिबाच्या ताटातला शेवटचा घासही नेला. हिवाळ्यात सरकारकडून धान्य आले, पण रोख पैसे देणाऱ्यासच ते विकावे असा हुकूम होता. ज्याच्यापाशी रोकड आहे तो उपाशी कशाला मरेल? रायफायझेन यांनी हुकूम बाजूला ठेवून धान्य उधारीवर वाटले. गावातील सधन मंडळींना गोळा करून त्यांच्याकडून निधी उभारला, धान्य विकत आणले, सार्वजनिक भट्टी बांधली आणि स्वस्त पाव मिळण्याची सोय केली. लोक त्या हिवाळ्यातून तरले. तरुण अधिकाऱ्याची वाहवा झाली.

परंतु पाव खाऊन संपतो आणि कर्ज मात्र राहते. १८४८ साली फ्लामर्सफेल्डला बदली झाल्यावर त्यांना हे अधिक जवळून दिसले. शेतकऱ्याच्या गोठ्यातील गाय पुष्कळदा त्याची नसेच. व्यापाऱ्याने ती उधारीवर दिलेली असे. हप्ता चुकला की गाय जाई, कर्ज मागे उरे आणि हळूहळू शेतही जाई. रायफायझेन यांनी १८४९ साली साठ सधन गावकऱ्यांची संस्था स्थापन केली. या साठ जणांनी आपल्या सर्व मालमत्तेनिशी हमी घेतली, त्या हमीवर पैसा उभा राहिला, शेतकऱ्यांना जनावरे घेऊन देण्यात आली आणि फेड पाच वर्षांत विभागण्यात आली. पुढे हेडेसडोर्फला बदली झाली. तेथे १८५४ साली त्यांनी धर्मादाय मंडळ काढले. अनाथ मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम, वाचनालय, कर्ज, अशी सर्वच कामे त्या मंडळाने अंगावर घेतली.

येथेच त्यांची खरी परीक्षा झाली. मंडळ हळूहळू निस्तेज होऊ लागले. सभासद वाईट नव्हते. ते देणारे होते आणि देणाऱ्याचा उत्साह किती दिवस टिकावा? हमी त्यांची, जोखीम त्यांची आणि कर्ज मात्र दुसऱ्यांना. कर्ज बुडाले तर त्यांना झळ बसणार, फिटले तर लाभ दुसऱ्याचाच. उलट कर्ज घेणाऱ्यास ही संस्था परक्याची वाटे. ती राहिली काय आणि बुडाली काय, त्याचे काहीच अडत नव्हते. दुष्काळात माणुसकी जागी होते, पण सुगी आली की तीच माणुसकी पुन्हा आपापल्या घरी जाते. धर्मशील वृत्तीच्या रायफायझेन यांना हे मान्य करणे जड गेले. ख्रिस्ती बंधुप्रेमावर संस्था उभी राहील ही त्यांची श्रद्धा होती. शहरातील कारागिरांसाठी पतपेढ्या काढणारे हेर्मान शुल्झ-डेलिट्श यांचा आग्रह मात्र स्वावलंबनाचा होता. ज्याला कर्ज हवे त्यानेच सभासद व्हावे, असे त्यांचे सांगणे. रायफायझेन यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार केला, आपला अनुभव पडताळून पाहिला आणि अखेर आपली चूक कबूल केली. १८६२ साली आनहाउझेन येथे आणि १८६४ साली हेडेसडोर्फ येथे ज्या पतपेढ्या निघाल्या, त्यांत कर्ज घेणारा हाच मालक आणि हाच जामीन होता.

या पतपेढीचे नियम आपण पाठ करतो, पण प्रत्येक नियमामागे माणसाच्या स्वभावाची केवढी जाण आहे हे पाहत नाही. संस्थेचे क्षेत्र एका गावापुरते किंवा चर्चच्या एका परगण्यापुरते. कारण तेथे कोण कष्टाळू आणि कोण उधळ्या, हे सर्वांना ठाऊक असते. जबाबदारी अमर्यादित. एकाने कर्ज बुडविले तर बाकीच्यांनी आपले घरदार विकूनही ते भरावयाचे. वरवर हा नियम निर्दय वाटतो, पण संस्थेचा सारा प्राण त्यातच आहे. एकट्या गरिबाला कोणी पैसे देत नाही, पण सगळे गाव जामीन राहिले की शहरातला धनकोही निर्धास्तपणे देतो. शिवाय शेजाऱ्याने गाईसाठी काढलेले पैसे गाईवरच खर्च झाले की दारूत गेले, याची चौकशी आता मी करतो, कारण उद्या ते माझ्या शेतावर येणार असतात. कर्ज ठरलेल्या कामासाठीच, जामीनदार घेऊन आणि पिकाच्या बेताने फेडता येईल अशा मुदतीने. कार्यकारी मंडळ बिनपगारी, पगार फक्त हिशेबनिसाला. नफा वाटावयाचा नाही. तो राखीव निधीत टाकावयाचा आणि संस्था मोडली तरी सभासदांनी तो वाटून घ्यावयाचा नाही. म्हणजे संस्था मोडण्यात कोणाचाच फायदा उरत नाही.

थोडक्यात, रायफायझेन यांनी स्वार्थाला हाकलून दिले नाही, त्याला कामाला लावले. पुढल्या वर्षीही कर्ज लागणार आणि तेही याच माणसांकडून मिळवावयाचे, ही जाणीव पोलिसांच्या दंडुक्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरली. जेथे तीच माणसे पुन्हापुन्हा समोरासमोर येतात तेथे स्वार्थी माणसांतही सहकार रुजू शकतो, असा निष्कर्ष अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावरील स्पर्धांवरून काढून १८८४ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९८४ साली, ग्रंथरूपाने मांडला. वेस्टरवाल्डच्या शेतकऱ्यांनी तो त्याआधीच आपल्या वह्यांतून सिद्ध केला होता.

रायफायझेन यांचे स्वतःचे आयुष्य मात्र सुखाचे गेले नाही. १८६३ साली पत्नी वारली. दृष्टी इतकी मंदावली की १८६५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, नोकरी सोडून तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर राहणे आले. उदरनिर्वाहासाठी त्यांनी आधी सिगारचा कारखाना आणि पुढे मद्याचा व्यापार केला. अशा अवस्थेत १८६६ साली त्यांचा पतपेढ्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे काम त्यांची थोरली कन्या आमाली हिच्यावाचून झाले नसते. ती वडिलांना वाचून दाखवी, ते सांगतील ते लिहून घेई, पत्रव्यवहार सांभाळी. ती अविवाहितच राहिली. ग्रंथावर नाव वडिलांचे आहे. परस्परांच्या जमाखर्चाचा इतका बारकाईने विचार करणाऱ्या या माणसाच्या घरातील एक देणे असे न फिटताच राहिले, असे वाटल्यावाचून राहत नाही.

गावोगावच्या पतपेढ्यांपैकी एकीकडे पैसा पडून असे, तर दुसरीकडे चणचण. म्हणून १८७२ साली नॉयवीड येथे त्यांनी मध्यवर्ती बँक काढली. शुल्झ-डेलिट्श यांच्याशी त्यांचा वाद जुंपला तो याच काळात. भाग असावेत की नसावेत, मुदत लांब असावी की आखूड, यांवर दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे झगडले. ११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी पुरी व्हावयास अवघे काही दिवस उरले असताना, हेडेसडोर्फ येथे रायफायझेन यांचे निधन झाले. तोवर त्यांच्या पद्धतीच्या संस्थांची संख्या चारशेच्या वर गेली होती.

नॉयवीडची बँक निघाल्यावर तीनच वर्षांनी, १८७५ सालच्या मे महिन्यात, आपल्या पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. दुखणे तेच होते. सावकाराच्या वह्या जाळता येतात, पण पेरणीला पैसा लागतोच. तो आणावयाचा कोठून, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना नेमले. त्यांनी आपल्या १८९५ आणि १८९७ च्या अहवालांत रायफायझेन पद्धतीचा पुरस्कार केला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि त्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व आले. १९२३ साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकारी पतपेढी काढली. प्रवरेच्या साखर कारखान्याचे मूळ या साध्या पतपेढीत आहे.

तरीही १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी जेमतेम ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत असल्याचे आढळले. नियम आपण आणले होते, कायदाही होता. मग उणे काय होते? जर्मनीत पैसा गावातल्या ठेवींतून येई आणि म्हणून तो सांभाळला जाई. आपल्याकडे संस्था बहुतांशी वरून आली, पैसाही वरून आला, आणि वरून आलेल्या पैशाची राखण शेजारी कशाला करील? हेडेसडोर्फच्या धर्मादाय मंडळाचीच ही पुनरावृत्ती नव्हे काय?

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सोसायटीचे कर्ज असते. वडील किंवा काका सोसायटीचे सभासद असतात. वार्षिक सभेची नोटीस येते आणि कपाटावर पडून राहते. हिशेब वाचणे हे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे, असे आपण धरून चालतो. रायफायझेन यांनी माणसाकडून संतपणाची अपेक्षा करणे सोडून दिले, तेव्हा त्यांची संस्था उभी राहिली. पण त्यांनी एक अपेक्षा कधीच सोडली नाही. शेजाऱ्याच्या व्यवहाराकडे प्रत्येकाने आपलाच व्यवहार म्हणून पाहावे, ही ती अपेक्षा. पुढच्या सुट्टीत घरी गेल्यावर ती नोटीस कपाटावरून खाली काढून वाचली, तरी परीक्षेतील त्या पाच मुद्द्यांचे सार्थक होईल.