दादासाहेब फाळके आणि घरातली काळोखी खोली

धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र बहुतेक जण ३ मे १९१३ या तारखेपासून सांगू लागतात. त्या दिवशी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मला त्याआधीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. ती फिल्म कुठल्या कारखान्यात धुतली गेली नाही, दादरच्या राहत्या घरात धुतली गेली. सौंसरला आमच्या घरी मी चार बाय पाच इंचांच्या कृष्णधवल शीट फिल्म धुतो. त्यासाठी डेव्हलपर कोणता घ्यावा याचा विचार करताना हा माणूस पुनःपुन्हा आठवला, म्हणून हा लेख.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रण आणि त्याची रसायने त्यांच्या हाताखालून गेली. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला. प्लेगाने पत्नी आणि मूल नेले, आणि तो व्यवसायही संपला. पुरातत्त्व खात्यातली नोकरी त्यांनी वंगभंगाच्या दिवसांत सोडली. लोणावळ्याला छापखाना काढला, यंत्रांसाठी १९०९ साली जर्मनीला जाऊन आले, आणि भागीदारांशी न पटल्याने तेथूनही बाहेर पडले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ताळेबंद मांडला तर चाळिशीपर्यंत तोटाच तोटा दिसेल. पण प्रत्येक तोट्याबरोबर एक हुन्नर जमेच्या बाजूला पडत गेला, आणि हुन्नर ताळेबंदात कुठे मांडायचा हे आमच्या पुस्तकांत नाही!

१९१०-११ च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि सिनेमाने त्यांना झपाटले. चित्रपट पाहण्याच्या आणि प्रयोगांच्या ताणाने काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. डोळे गमावण्याच्या काठावरून परतलेला माणूस विमा पॉलिसी तारण ठेवून १९१२ साली लंडनला निघतो, याला धाडस म्हणावे की हट्ट? मी हट्ट म्हणेन. तेथून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे यंत्र यांची व्यवस्था करून ते परतले. कुंडीतल्या रोपाची वाढ टिपणारी लहानशी फिल्म त्यांनी आधी करून दाखवली, तेव्हा कुठे भांडवल उभे राहू लागले. पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गहाण पडले.

सरस्वतीबाईंविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. कच्च्या फिल्मला भोके पाडणे, रसायने मिसळणे, फिल्म धुणे ही कामे त्या घरात शिकल्या, आणि दिवसा संपूर्ण चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चित्रे, म्हणजे एका प्रतीत जवळजवळ साठ हजार चित्रे. प्रत्येक चित्राला दोन्ही कडांवर मिळून आठ भोके, म्हणजे पावणेपाच लाखांच्या आसपास. हे सारे अंधारात करायचे. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, त्यामुळे निदान लाल दिव्याच्या उजेडात काम चाले. आजच्या पँक्रोमॅटिक शीट फिल्मला तेवढीही सवलत नाही.

आता डेव्हलपरकडे वळतो. प्रकाश लागलेल्या सिल्व्हर ब्रोमाइडचे काळ्या चांदीत रूपांतर करणे हे त्याचे काम. जुन्या पिढीचा पायरो सुंदर निगेटिव्ह देतो, पण बोटे डागाळतो आणि तो विषारीही आहे. नुसते हायड्रोक्विनोन थंडीत सुस्तावते आणि उष्ण्यात चित्र कडक करते. कोडॅकने १९२७ साली डी-७६ आणला. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. फाळक्यांचा ऐन उमेदीचा काळ तोवर मागे पडला होता.

माझी निवड डी-७६ चीच, आणि कारण आहे ऊन. पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि फिल्मवरचे जिलेटिन गरम पाण्यात फुगून मऊ होते. नख लागले तरी ओरखडा. तीव्र अल्कलीचा डेव्हलपर हे फुगणे वाढवतो. बोरॅक्स सौम्य आहे. तो निम्मे पाणी घालून एकदाच वापरावा आणि फेकावा, म्हणजे काम सावकाश होते. पाच मिनिटांच्या आत उरकले तर डाग पडण्याची भीती असते. पाणी उकळून गाळलेले, माठात निववलेले. ट्रे बर्फाच्या परातीत. आणि काम शक्यतो पहाटे. दादरच्या दमट उष्ण्यात फाळके दांपत्यापुढे हाच शत्रू उभा असणार.

पुढचे चरित्र वेगाने सांगतो. १९१७ चा ‘लंका दहन’ तुफान चालला. १९१८ साली नाशिकला भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. मग पुन्हा भागीदारांशी बेबनाव, काशीला प्रयाण, परत येणे. बोलपटांनी सारे बदलले. कन्नडमधला पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ १९३४ साली कोल्हापुरात चित्रित झाला, हे आपल्या कन्नड विभागाच्या मित्रांना आवडेल. फाळक्यांचा ‘गंगावतरण’ही कोल्हापुरातच, १९३७ साली झाला. तो त्यांचा शेवटचा. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते वारले, हलाखीतच. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे तेवढे उरले आहे, आणि तीही १९१७ साली पुन्हा चित्रित केलेल्या प्रतीची असावीत असे काही अभ्यासक मानतात.