धर्म बदलला, भजन सोडलं नाही

नागावला बीचवर जाता, तेव्हा कधी गावातलं भजन ऐकलंय? बुवा ओळ म्हणतात, मागचे ती उचलतात. चर्चमध्येही स्तोत्रं अशी आळीपाळीने गातात. पण शंभरेक वर्षांपूर्वी मराठी चर्चमध्ये बरीचशी गाणी म्हणजे इंग्रजी चालींवरची भाषांतरं. तिथे अभंग-भजनाचा सूर घुमवला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. जन्म १८६१, कोकणातल्या करजगावचा. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दुरावल्या. एवढं सोसूनही तुकोबा काही त्यांच्याकडून सुटले नाहीत. ख्रिस्तभक्तीची शेकडो गीतं लिहिली, कीर्तनंही केली. पुढे लक्ष्मीबाईही ख्रिस्ती झाल्या. टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांची गीतं मराठी चर्चमध्ये आजही गातात. एकदा ऐकाच!